‘पीपिंग टॉम’ (१९६०) आणि छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ हा ब्रिटिश चित्रपट एप्रिल १९६० मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता बदनाम झाला. आज तो अभ्यासक्रमांत शिकवला जातो. छायाचित्रणाची आवड असलेले वाचक या चित्रपटाविषयी जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमध्ये कथानकाचा शेवट आणि खुनाच्या साधनाचे रहस्य दोन्ही उघड होते. त्यामुळे ज्यांना चित्रपट काहीही न कळता पाहायचा असेल, त्यांनी आधी तो पाहावा आणि मग पुढे वाचावे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात काय आहे?

मार्क लुईस हा लंडनमधील एक लाजाळू, मृदू बोलणारा तरुण आहे. दिवसा तो एका चित्रपट स्टुडिओत कॅमेरा विभागात काम करतो आणि फावल्या वेळात वर्तमानपत्रांच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत, चोरून विकल्या जाणाऱ्या चित्रांसाठी अर्धनग्न मुलींची छायाचित्रे काढतो. वडिलांच्या मागे त्याच्याकडे आलेल्या मोठ्या घरात त्याने भाडेकरू ठेवले आहेत. वरच्या मजल्यावर त्याची स्वतःची डार्करूम आणि चित्रपट पाहण्याची खोली आहे. तो स्त्रियांना ठार मारतो आणि मरताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती कॅमेऱ्यात टिपतो. तळमजल्यावर अंध आईसोबत राहणारी हेलन स्टीफन्स त्याच्या जवळ येते, आणि हिचे चित्रण आपल्या हातून होऊ नये यासाठी त्याची धडपड सुरू होते. खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळते, त्यामुळे ही रहस्यकथा नाही. तो असा का झाला आणि त्याला नेमके काय पाहायचे आहे, हे दोन प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत पुढे नेतात.

शीर्षकाचा अर्थ काय?

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री गावाची एक दंतकथा आहे. प्रजेवरचा कर माफ व्हावा म्हणून लेडी गोडायव्हा विवस्त्र होऊन घोड्यावरून गावातून फिरली. लोकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, पण टॉम नावाच्या एकाने फटीला डोळा लावला आणि तो आंधळा झाला. गोडायव्हा अकराव्या शतकातील खरी व्यक्ती होती, टॉम मात्र कथेत कितीतरी नंतर शिरला. इंग्रजीत हे नाव चोरून पाहणाऱ्याला कायमचे चिकटले आहे. पाहण्याची शिक्षा डोळ्यांनाच मिळते, हा दंतकथेचा भाग चित्रपटाच्या दृष्टीने विसरता येण्यासारखा नाही.

मार्कच्या हातातील कॅमेरा कोणता आहे?

तो बेल अँड हॉवेल कंपनीचा, १६ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, हातात धरून वापरायचा चलत्चित्र कॅमेरा आहे. या कंपनीचे ‘फिल्मो’ जातीचे कॅमेरे १९२३ पासून बाजारात होते, आणि हौशी लोकांपासून युद्धाच्या बातम्या टिपणाऱ्यांपर्यंत अनेकांनी ते वापरले. त्याला वीज लागत नाही. घड्याळासारखी चावी द्यायची, आणि एका चावीत तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतो. आत १०० फुटांचे रीळ बसते, आणि सेकंदाला २४ चौकटी या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपते. समोर फिरती तबकडी असते व तिच्यावर तीन भिंगे बसवलेली असतात. हवे ते भिंग फिरवून फिल्मसमोर आणायचे. चित्रपटात या तीन भिंगांचा समोरून घेतलेला जवळचा शॉट येतो, तेव्हा समोर यंत्र नसून तीन डोळ्यांचा एखादा प्राणी असल्याचा भास होतो.

या तपशिलाला महत्त्व आहे. स्टुडिओतील अवजड कॅमेऱ्याला अनेक माणसे लागतात. तेथे पाहणे हे सामूहिक काम असते. स्प्रिंगचा छोटा कॅमेरा मात्र एकट्या माणसाचा असतो, कोटाखाली लपतो, आणि त्याची फिल्म घरच्या घरी धुता येते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञानेही जे पाहू नये असे काही टिपायचे असेल, तर त्याला डार्करूम स्वतःच्या घरातच लागणार. मार्कची एकांतातली विकृती आणि हौशी छायाचित्रकाराची सर्वसामान्य सामग्री यांच्यात पॉवेल यांनी कोठेही फट ठेवलेली नाही, आणि त्यामुळेच आपल्या घरी कॅमेरा असलेल्या प्रेक्षकाला चित्रपट थोडा जास्त टोचतो.

पहिल्या दृश्याची एवढी चर्चा का होते?

सुरुवातीला पडद्यावर तिरंदाजीचे लक्ष्य दिसते आणि त्यात बाण रुततो. पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांच्या ‘द आर्चर्स’ या जुन्या निर्मितीसंस्थेच्या बोधचिन्हाची ती आठवण आहे. लगेच एक डोळा उघडतो. मग फिट्झरोव्हिया भागातील रात्रीच्या गल्लीत डोरा नावाची वेश्या उभी दिसते, कोटाच्या फटीतून भिंग पुढे आलेले दिसते, आणि त्यापुढचे सर्व आपण व्ह्यूफाइंडरच्या चौकटीतून, मधल्या फुलीच्या रेषांसह पाहतो. ती ‘दोन पौंड पडतील’ असे सांगते, पुढे चालू लागते, जिना चढते, आणि खोलीत पोहोचल्यावर तिचा चेहरा भीतीने फाकत जातो.

लगेच श्रेयनामावली सुरू होते आणि तीच घटना आपण पुन्हा पाहतो, या वेळी कृष्णधवल, मूक, प्रोजेक्टरच्या खरखरीसह, मार्कच्या खोलीतील पडद्यावर. एकच मृत्यू दोनदा दिसतो. पहिल्यांदा तो घडत असतो आणि रंगीत असतो. दुसऱ्यांदा तो ‘संग्रहात’ गेलेला असतो. घटना आणि तिची प्रतिमा यांतला फरक इतक्या कमी वेळात आणि स्पष्टीकरणाच्या एकाही शब्दाशिवाय सांगणारी दुसरी सुरुवात मला आठवत नाही.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अशा कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर भिंगापासून वेगळा, बाजूला असतो, आणि त्यातून पाहायचे तर त्याला डोळा लावावा लागतो. मार्कने तर कॅमेरा छातीशी, कोटात लपवला आहे. त्याचा डोळा तेथे असूच शकत नाही. मग ती फुलीची चौकट पाहत कोण आहे? तांत्रिकदृष्ट्या याला चूक म्हणता येईल, पण या चुकीचा परिणाम असा होतो की व्ह्यूफाइंडरला लागलेला एकमेव डोळा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचा उरतो. १९६० मधील समीक्षकांचा संताप समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते तो येथून समजून घ्यावा.

खुनाचे साधन काय आहे?

ट्रायपॉडच्या एका पायात लपवलेले टोकदार पाते. मार्क तो पाय वर उचलून पुढे रोखतो, म्हणजे कॅमेरा, पाते आणि चेहरा एका सरळ रेषेत येतात. इतकेच असते तर ती एक चमत्कृती ठरली असती. शेवटी कळते की कॅमेऱ्यासोबत त्याने एक आरसाही लावलेला होता, आणि मरणाऱ्या स्त्रीला त्या आरशात स्वतःचा भेदरलेला, वेडावाकडा झालेला चेहरा पाहावा लागत होता. भीती पाहून भीती वाढते, आणि ती वाढलेली भीती कॅमेरा टिपतो.

मार्क ‘फोकस पुलर’ आहे, याला काही विशेष अर्थ आहे का?

आहे, आणि तो चित्रपटसृष्टीत काम केलेल्याला चटकन उमजतो. फोकस पुलर व्ह्यूफाइंडरमधून पाहत नाही. तो भिंगापासून नटाच्या चेहऱ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजतो, जमिनीवर खडूच्या खुणा करतो, आणि शॉट चालू असताना भिंगाचे कडे त्या अंतराबरहुकूम फिरवत राहतो. म्हणजे संपूर्ण सेटवर चेहऱ्याचे अंतर इंचाइंचाने जाणणारा माणूस तोच असतो, आणि तरी त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. स्टुडिओ बंद झाल्यावर मार्क व्हिव्हियन या बदली नटीचे गुपचूप चित्रण करतो, तेव्हा तो आपले रोजचेच काम करीत असतो: तिला कोठे उभे राहायचे ते दाखवतो, खूण करतो, प्रकाश नीट लावतो. पुढे रोखलेला ट्रायपॉडचा पाय टेपचेच काम करतो, असे मला वाटते. ते अंतर एकदा ठरले की चेहरा ‘फोकस’च्या बाहेर जाऊ शकत नाही.

व्हिव्हियनची भूमिका मोइरा शिअररने केली आहे. पॉवेल-प्रेसबर्गर यांच्या ‘द रेड शूज’ (१९४८) या चित्रपटामुळे ती नर्तिका जगभर ओळखली जात होती. तिला रिकाम्या स्टुडिओत आनंदाने नाचवून मग एका ट्रंकेत कोंबणे, हा पॉवेल यांनी स्वतःच्या कीर्तीशी केलेला कडवट विनोद आहे.

दुकानाच्या वरच्या खोलीतील छायाचित्रांचा धंदा खरोखर असा चालत असे का?

हो, आणि चित्रपटाचा हा भाग जवळजवळ माहितीपटासारखा आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सोहो आणि त्याच्या आसपासच्या लंडनमध्ये वर्तमानपत्रे, चॉकलेटे आणि सिगारेटी विकणारी काही दुकाने गल्ल्याखालून नग्न चित्रेही विकत असत. चित्रपटात एक वयस्कर, सभ्य गृहस्थ दुकानात येतो, आधी दोन प्रतिष्ठित वृत्तपत्रे मागतो, मग आवाज खाली आणून ‘काही चित्रे’ मिळतात का असे विचारतो. दुकानदार ती ज्या पाकिटात घालून देतो, त्यावर ‘शैक्षणिक पुस्तके’ असे छापलेले आहे. माइल्स मॅलेसन या विनोदी नटाने केलेला हा प्रसंग पाहताना प्रेक्षक हसतो, आणि आपण कोणाला हसलो हे त्याला थोड्या वेळाने कळते. कोणती मासिके जास्त खपतात, असे दुकानदार विचारतो तेव्हा मार्क शाळकरी मुलासारखे उत्तर देतो: ज्यांच्या मुखपृष्ठावर मुली असतात आणि त्या मुलींच्या अंगावर काही नसते, ती.

वरच्या खोलीत मार्कसमोर उभी राहणारी मिली ही भूमिका पामेला ग्रीनने केली. ती त्या काळातील ब्रिटनमधील बहुधा सर्वांत प्रसिद्ध ‘पिन-अप’ (भिंतीवर लावायच्या मादक चित्रांची) मॉडेल होती. छायाचित्रकार जॉर्ज हॅरिसन मार्क्स यांच्यासोबत तिने १९५७ मध्ये ‘कामेरा’ हे छोट्या आकाराचे मासिक सुरू केले, आणि सोहोतील जेरार्ड स्ट्रीटवरील त्यांच्या स्टुडिओत ही छायाचित्रे निघत. पॅरिसमधील एखाद्या गल्लीसारखे उभारलेले खोटे पडदे, भडक प्रकाश, स्वस्त अंतर्वस्त्रे, ही चित्रपटातील सजावट त्या धंद्याच्या जवळून केलेल्या निरीक्षणातून आली आहे. मिलीचे बोलणेही तसेच आहे. तिला आपल्या कामाची लाज वाटत नाही, चित्रात अंगावरचे वळ दिसणार नाहीत ना याची मात्र काळजी वाटते. ही धंद्यातल्या माणसाची काळजी आहे.

त्या वेळच्या कायद्याची चौकटही ध्यानात ठेवावी. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अश्लील प्रकाशनांविषयीचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी रस्त्यावरील वेश्याव्यवसायावर कडक निर्बंध आले. छापील नग्नचित्रांत जघनभाग रंगफवाऱ्याने पुसून काढण्याची पद्धत होती. सगळे काही विकले जात होते, पण झाकून. पॉवेल यांनी पाकीट उघडून दाखवले, एवढाच त्यांचा गुन्हा.

या खोलीतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग नग्नतेचा नाही. लोरेन नावाची एक नवी मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी असते. ती वळते तेव्हा तिचा ओठ विद्रूप असल्याचे दिसते. चेहऱ्याचे छायाचित्र काढायचे नाही, असे तिला सांगून आणलेले आहे. मार्कला मात्र तिच्या चेहऱ्यातच सौंदर्य दिसते; तो स्थिरचित्रांचा कॅमेरा सोडतो आणि आपला छोटा कॅमेरा उचलतो. हा क्षण करुणेचा की शिकारीचा, ते चित्रपट सांगत नाही. दोन्ही एकाच हालचालीत आहेत.

वडिलांचे प्रयोग ही लेखकाची अतिशयोक्ती आहे का?

चित्रपटातील प्राध्यापक लुईस हे भीतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ असतात. ते स्वतःच्या मुलाला झोपेतून उठवून त्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारतात, अंथरुणात सरडा टाकतात, मरणासन्न आईजवळ उभे करतात, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा चित्रित करतात. घरातील खोल्यांमध्ये ध्वनिग्राहक बसवलेले आहेत. पहिली बायको गेल्यावर सहाच आठवड्यांत ते दुसरे लग्न करतात, आणि मधुचंद्राला निघताना मुलाच्या हातात भेट म्हणून कॅमेरा ठेवतात.

अतिशयोक्ती आहे, पण ती निराधार नाही. मनोविज्ञान आणि छायाचित्रण यांचे नाते फार जुने आहे. फ्रान्समधील द्यूशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे धक्के देऊन उमटवलेल्या भावनांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. डार्विन यांनी १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात छायाचित्रे वापरली, आणि त्यांतील काही ऑस्कर रेयलँडर या छायाचित्रकाराने मुद्दाम अभिनय करवून काढलेली होती. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली उन्मादाच्या रुग्ण स्त्रियांची छायाचित्रे काढली जात व संग्रहरूपाने छापली जात. अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी १९२०च्या सुमारास एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती वाटावी असा प्रयोग केला आणि त्याचे चित्रणही केले. ‘लिटल अल्बर्ट’ या नावाने ते चित्रण आजही मानसशास्त्राच्या वर्गांत दाखवले जाते. पटकथेत यांपैकी कोणाचेही नाव येत नाही. पण मूल रडत असताना कॅमेरा थांबवायचा नाही, हा नियम पॉवेल यांनी शोधून काढलेला नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

चित्रपटात पुढे एक मानसोपचारतज्ज्ञ मार्कच्या विकाराला शास्त्रीय नाव देतो आणि उपचाराची भाषा बोलतो. मला तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत कच्चा वाटतो. तेथे पॉवेल समजावून सांगू लागतात, आणि ते त्यांचे बलस्थान नाही.

वडिलांची भूमिका पॉवेल यांनी स्वतः का केली?

त्यांनी स्वतः ती केली आणि लहान मार्कच्या भूमिकेत आपला मुलगा कोलंबा याला घेतले. कृष्णधवल घरगुती चित्रफितींत दिसणारा कठोर बाप दिग्दर्शकच आहे आणि भेदरलेले पोर त्याचेच आहे. यावर टीकाही झाली, आणि ती समजण्याजोगी आहे. दिग्दर्शकाचे काम म्हणजे माणसांना विशिष्ट भावना दाखवायला लावणे आणि ती टिपणे. या कामाची जबाबदारी पात्रावर ढकलून पॉवेल बाजूला झाले नाहीत, असे मी या निवडीकडे पाहतो.

छायाचित्रणाशी पॉवेल यांचे स्वतःचे नातेही जुने होते. १९०५ मध्ये केंट परगण्यात जन्मलेल्या या माणसाने चित्रपटसृष्टीत उमेदवारी केली ती फ्रान्समधील नीस येथे, आणि इंग्लंडला परतल्यावर आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९२०च्या दशकाच्या अखेरच्या चित्रपटांवर त्यांनी स्थिरचित्रांचे छायाचित्रकार म्हणून काम केले. म्हणजे सेटच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा असलेला, शॉट संपल्यावर नटनट्यांना ‘आणखी एकदा तसेच उभे राहा’ म्हणणारा तरुण ते स्वतः होते. मार्कचे घर म्हणून जे घर बाहेरून दिसते, ते लंडनच्या मेलबरी रोडवर, पॉवेल राहत होते त्याच रस्त्यावर आहे.

छायालेखक कोण होते?

ऑटो हेलर. मूळचे प्रागचे. ईस्टमनकलर फिल्मवर त्यांनी लाल, पिवळा आणि जांभळट प्रकाश असा वापरला आहे की सभ्य घराची खोलीसुद्धा डार्करूमसारखी वाटू लागते. मार्कच्या डार्करूममधील लाल दिवा हा सुरक्षित प्रकाश असतो. छपाईच्या कागदावर त्याचा परिणाम होत नाही. या चित्रपटात लाल रंग दिसला की प्रेक्षक सावध होतो, आणि मार्क मात्र तेथेच निर्धास्त असतो.

पटकथा कोणाची?

लिओ मार्क्स यांची. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर पाठवणाऱ्या ब्रिटिश संघटनेत ते सांकेतिक लिपीचे प्रमुख होते, आणि लंडनच्या ८४, चेरिंग क्रॉस रोडवरील जुन्या पुस्तकांचे प्रसिद्ध दुकान त्यांच्या वडिलांचे होते. दुसऱ्याचे गुप्त संदेश उलगडत रात्री काढलेल्या माणसाने चोरून पाहणाऱ्याची कथा लिहावी, यात आश्चर्य नाही. ‘मार्क लुईस’ हे नाव ‘लिओ मार्क्स’ उलटे करून बनल्यासारखे दिसते, याकडे अनेकांनी लक्ष वेधले आहे.

मुख्य नट इंग्रज का नाही?

कार्लहाइन्झ ब्योम हा जर्मन भाषक नट, संगीत-संचालक कार्ल ब्योम यांचा मुलगा. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीवरील लोकप्रिय ‘सिसी’ चित्रपटांत त्याने तरुण सम्राटाची भूमिका केली होती. लंडनमध्ये वाढलेल्या मार्कच्या बोलण्यात जर्मन झाक का, हे चित्रपट सांगत नाही, आणि ते खटकतेही. पण त्या हेलामुळे मार्क स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा वाटतो. पुढे ब्योमने इथिओपियातील लोकांसाठी मदतसंस्था उभारली आणि उरलेले आयुष्य बहुतांशी त्या कामाला दिले.

समीक्षक एवढे का भडकले?

त्यांच्या शब्दांवरून सुरुवात करावी. ‘ट्रिब्यून’मध्ये डेरेक हिल यांनी लिहिले की हा चित्रपट फावड्याने उचलून जवळच्या गटारात लोटून द्यावा, आणि तरीही दुर्गंधी उरेलच. ‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेजून यांनी, इतकी किळस कोणत्या चित्रपटाने बऱ्याच काळात आणली नव्हती, असे नोंदवले. ‘डेली एक्स्प्रेस’चे लेन मॉस्ली नुकतेच आशियाच्या दौऱ्यावरून परतले होते, पूर्व पाकिस्तानातील कुष्ठरोग्यांच्या वसाहती, मुंबईच्या मागच्या गल्ल्या आणि कलकत्त्याची गटारे पाहूनही जेवढी मळमळ आणि खिन्नता आली नाही, तेवढी या चित्रपटाने आली, असे त्यांनी लिहिले. मुंबईकर वाचकाने या वाक्यावर क्षणभर थांबायला हरकत नाही. किळस मोजण्यासाठी त्यांना आपल्या गल्ल्यांचे माप सहज सापडले, आणि तिकडेही ते पाहुणे म्हणून, पाहण्यासाठीच गेले होते.

आता कारणे. रक्त हे कारण नव्हते. चित्रपटात रक्त जवळजवळ दिसतच नाही. त्याच सुमारास ‘पीपिंग टॉम’ची वितरक असलेल्या अँग्लो-अमाल्गमेटेड याच संस्थेचे याहून भडक चित्रपट बाजारात होते, आणि ते ‘तसलेच’ म्हणून कोणी मनावर घेत नसे. पॉवेल मात्र राष्ट्रीय मानाचे दिग्दर्शक होते. त्यांच्याकडून आलेली ही कलाकृती ‘तसली’ म्हणून बाजूला सारता येत नव्हती. शिवाय मार्क राक्षसासारखा दिसत नाही; तो देखणा आणि दुःखी आहे, आणि चित्रपट त्याची कीव करतो. पण सर्वांत मोठे कारण मी वर पहिल्या दृश्याच्या उत्तरात सांगितले तेच आहे. समीक्षकाचा व्यवसायही अंधारात बसून दुसऱ्यांकडे पाहण्याचाच. चित्रपटात एक विनोदही आहे: पोलिसांच्या कामाचे चित्रण करणाऱ्या मार्कला कोणीतरी ‘कोणत्या वृत्तपत्राचे?’ असे विचारतो, आणि तो उत्तरतो, ‘ऑब्झर्व्हर’. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘निरीक्षक’ असा होतो. लेजून बाईंना हा विनोद आवडला नसावा.

हिचकॉकचा ‘सायको’ त्याच वर्षी आला. त्याला यश आणि याला शिक्षा, असे का?

‘सायको’ जून १९६० मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये लंडनमध्ये आला. समीक्षकांनी त्यालाही सुरुवातीला फारसे गोड मानले नव्हते, पण तो प्रेक्षकांनी उचलून धरला. हिचकॉक प्रेक्षकाला झुलवतात, त्याला घाबरवतात आणि शेवटी सुरक्षित घरी पाठवतात. पॉवेल त्याला घरी पाठवत नाहीत. व्यवहाराचा भागही होता: हिचकॉकनी समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवलाच नाही, तर ‘पीपिंग टॉम’च्या वितरकांनी वादळ उठताच हात काढून घेतला.

या चित्रपटाने पॉवेल यांची कारकीर्द संपवली, हे खरे का?

पूर्णपणे नाही. १९६१ मध्येच त्यांचा पुढचा चित्रपट आला. नंतर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी काम केले, ऑस्ट्रेलियात जाऊन १९६६ आणि १९६९ मध्ये दोन चित्रपट केले, आणि १९७२ मध्ये प्रेसबर्गर यांच्यासह मुलांसाठी एक छोटा चित्रपटही केला. पण ब्रिटनमध्ये मोठ्या भांडवलाने आणि स्वतःच्या मर्जीने चित्रपट करण्याचे दिवस संपले, हे खरे आहे. त्या भांडवलाचा ओघ १९६०च्या आधीच आटू लागला होता. या चित्रपटाने दार लावून घेतले.

मग तो पुन्हा वर कसा आला?

मुख्यतः मार्टिन स्कोर्सेसी यांच्यामुळे. त्यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये तो न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाला. स्कोर्सेसी यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांनी १९८४ मध्ये पॉवेल यांच्याशी विवाह केला. १९९० मध्ये पॉवेल यांचे निधन झाल्यानंतरही त्यांच्या चित्रपटांच्या जतनासाठी त्या झटत आल्या आहेत. १९९४ मध्ये ‘संडे टाइम्स’च्या ज्येष्ठ समीक्षक डिलिस पॉवेल (नात्याने कोणी नव्हेत) यांनी आपले मूळ मत जाहीरपणे मागे घेतले आणि परलोकात संभाषणाची मुभा असेल तर मायकेल पॉवेल यांना गाठून क्षमा मागणे आपण कर्तव्य समजू, असे लिहिले. २०२३ मध्ये चित्रपटाची नवी पुनर्संस्कारित प्रत आली. हेलर यांचे रंग पाहायचे तर तीच पाहावी.

चित्रपट स्त्रियांवरील हिंसेचा उपभोग घेतो, हा आक्षेप योग्य आहे का?

आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. मार्क ज्यांचा खून करतो त्या सर्व व्यक्ती स्त्रियाच आहेत, आणि चित्रपटाची जाहिरातही त्याच आकर्षणावर झाली. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये पडद्यावरील पुरुषी नजरेविषयी निबंध लिहिला, तेव्हापासून या चित्रपटाकडे त्या चष्म्यातून पाहिले जाते. पुढे त्यांनी स्वतःच या चित्रपटावर ध्वनिभाष्यही केले. माझे उत्तर अर्धवट आहे. मिली आणि व्हिव्हियन यांना चित्रपट स्वतःचे बोलणे, स्वतःचा विनोद देतो, पण जगू देत नाही. हेलन मात्र वेगळी आहे. ती लहान मुलांसाठी जादूच्या कॅमेऱ्यावर पुस्तक लिहीत असते, म्हणजे छायाचित्राकडे ती कुतूहलाने पाहते, हावरेपणाने नाही. ॲना मॅसीने ही भूमिका विलक्षण साधेपणाने केली आहे. दोघे बाहेर जेवायला निघतात तेव्हा ती मार्कला कॅमेरा घरी ठेवायला लावते, आणि तो शरीराचा एक अवयव गमावल्यासारखा चाचपडत राहतो. परतल्यावर ती त्याचे चुंबन घेते, आणि ती गेल्यावर तो आपले ओठ कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकवतो. ‘मी ज्याचे चित्रण करतो ते मी गमावतो,’ असे तो तिला सांगतो, म्हणून तिचे चित्रण करायला तो नकार देतो.

हेलनची आई अंध का दाखवली आहे?

कारण घरात मार्कला ओळखणारी तीच एकटी आहे. रात्री डोक्यावरच्या मजल्यावर चालणाऱ्या पावलांवरून आणि प्रोजेक्टरच्या आवाजावरून तिने बरेच काही ताडले आहे. एके रात्री ती त्याच्या खोलीत येऊन बसते. पडद्यावर व्हिव्हियनच्या मृत्यूची फिल्म चालू असते, आणि समोर बसलेल्या एकमेव प्रेक्षकाला ती दिसत नाही. मार्क तिच्यावरही कॅमेरा रोखतो. पण जिला आपलाच चेहरा आरशात दिसणार नाही, तिच्यावर त्याचे साधन चालत नाही. भरीस भर म्हणजे, चित्रपटातील चित्रपटाचा दिग्दर्शक आर्थर बेडन ही भूमिका करणारा एझमंड नाइट स्वतः जवळजवळ अंध होता; १९४१ मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्कशी झालेल्या लढाईत त्याची दृष्टी गेली होती.

शेवटी नेमके काय घडते?

पोलीस दाराशी येतात. मार्क कॅमेऱ्यानेच खिडकीची काच फोडतो आणि खाली उभ्या पोलिसांचे चित्रण करतो. मग त्याने आधीच रांगेने लावून ठेवलेले स्थिरचित्रांचे कॅमेरे, तो त्यांच्यासमोरून धावत जाईल तसे, एकेक फ्लॅश उडवत त्याला टिपत जातात. त्याच वेळी बालपणी वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या किंकाळ्या खोलीत वाजत असतात. रांगेच्या शेवटी त्याने स्वतःसाठी रोखून ठेवलेले पाते असते. चलत्चित्राच्या वेडाने जगलेला माणूस अखेर सुट्या, स्थिर चौकटींत विभागला जातो. त्यानंतर प्रोजेक्टरमधून फिल्म सुटते, पडदा रिकामा होतो, आणि फक्त ध्वनिफितीवरचे आवाज उरतात: वेड्यासारखे करू नकोस, घाबरण्यासारखे काही नाही, असे सांगणारे वडील, आणि त्यांना ‘माझा हात धरा’ म्हणणारे मूल.